विमान इंधनाची घनता आणि वजन

विमानाचे इंधन विकले जाते लिटरवर, पण विमान उडते किलोवर. भारतात एटीएफचे, म्हणजे विमानाच्या टर्बाइन इंजिनाला लागणाऱ्या इंधनाचे, दर किलोलिटरमागे जाहीर होतात आणि इंधन भरणाऱ्या गाडीचा मीटरही लिटरच दाखवतो. वैमानिकाचा हिशेब मात्र किलोत किंवा टनांत चालतो. या दोन मापांमधला दुवा म्हणजे घनता.

वैमानिकाला वजन लागते त्याचे कारण सरळ आहे. टाकीतले इंधन तापून फुगले तर लिटर वाढतात, ऊर्जा वाढत नाही. जेट ए-१ या प्रचलित इंधनाच्या एका किलोतून किमान ४२.८ मेगाज्यूल ऊर्जा मिळावी, अशी मानकाची अट आहे. शिवाय उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन आणि गुरुत्वमध्य हेही किलोशिवाय काढता येत नाहीत.

जेट ए-१ हे रॉकेलाच्या कुळातले इंधन. १५ अंश सेल्सिअसला त्याची घनता प्रति घनमीटर ७७५ ते ८४० किलोच्या दरम्यान असावी लागते; ढोबळमानाने लिटरला ०.८ किलो. कच्चे तेल कुठले आणि ते कसे शुद्ध केले, यावर नेमका आकडा ठरतो. ही मर्यादा वाटते तितकी अरुंद नाही. २४,००० लिटरच्या टाकीत हलके इंधन भरले तर १८,६०० किलो होते, जड भरले तर २०,१६० किलो. दीड टनाचा हा फरक म्हणजे सामानासकट पंधरा-सोळा प्रवासी! लांबच्या उड्डाणात टाकी काठोकाठ भरायची असेल तर जड इंधन सोयीचे, कारण तेवढ्याच जागेत ऊर्जा जास्त मावते. छोट्या पिस्टन विमानांचे अ‍ॅव्हगॅस पेट्रोलच्या जातीचे असून त्याचे वजन लिटरला सुमारे ०.७२ किलोच भरते.

तापमान दर अंशाने वाढले की लिटरमागे वजनात साधारण पाऊण ग्रॅम घट होते. १५ अंशाला ८,००० किलो भरणारे दहा हजार लिटर इंधन नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशापर्यंत तापले, तर त्याच दहा हजार लिटरचे वजन सव्वादोनशे किलोंच्या आसपास कमी भरेल. म्हणून हायड्रोमीटरने घनता घेताना नमुन्याचे तापमानही नोंदवतात आणि तक्त्यावरून १५ अंशाचा आकडा काढतात. विमानाच्या टाकीतले संवेदक इंधनाची पातळी विद्युत धारकतेवरून (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवरून) ओळखतात आणि यंत्रणा त्यावरून वजन काढून दाखवते.

लिटरला घनतेने गुणून वजन काढतात; हा गुणाकार चुकला की काय होते, ते २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसले. एअर कॅनडाचे बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. इंधनमापक बंद असल्याने पट्टीने मोजणी झाली: टाकीत ७,६८२ लिटर. हवे होते २२,३०० किलो. विमान नवे, किलोत मोजणारे. पण गुणक वापरला गेला १.७७, म्हणजे लिटरमागे पौंडांचा, जो कंपनीच्या जुन्या विमानांना चालत असे. किलोसाठी तो ०.८०३ हवा होता. त्यामुळे सुमारे २०,००० लिटर भरायचे तिथे ४,९१७ लिटरच भरले गेले. ओटावात पुन्हा तपासणी झाली, तीही त्याच गुणकाने. चुकीच्या आकड्याने केलेली फेरतपासणी फक्त खोटी खात्री देते. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमली येथील जुना हवाई तळ ठाऊक होता. त्या धावपट्टीवर तेव्हा मोटारशर्यतीचा दिवस सुरू होता. विमान तिथेच उतरले, पुढचे चाक मोडले, पण विमानातील ६९ जणांपैकी कुणीही दगावले नाही.

आता इंधन भरल्याच्या पावतीवर लिटरसोबत घनताही नोंदलेली असते. आधीचे शिल्लक किलो अधिक भरलेले किलो यांची बेरीज मापकाच्या आकड्याशी ताडून पाहिली जाते आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे तफावत आली, तर ती सुटेपर्यंत विमान जागचे हलत नाही.