ब्रिटिश दुय्यम गुन्हेपट

ब्रिटनमध्ये साधारण १९३० ते १९६५ या काळात मुख्य चित्रपटाच्या जोडीला, त्याच तिकिटात दाखवले जाणारे कमी खर्चाचे रहस्यपट व पोलिसपट. लांबी जेमतेम तासभर, तरी पाहताना दीड तास उलटल्यासारखे वाटते. आजच्या प्रेक्षकाची पहिली तक्रार हीच असते आणि ती रास्त आहे.

या संथपणाचे मूळ कायद्यात आहे. हॉलिवूडच्या रेट्यापुढे देशी निर्मिती तगावी म्हणून १९२७च्या कायद्याने ब्रिटिश चित्रपटांचा किमान वाटा सक्तीचा केला. सुरुवातीला तो वितरकांसाठी साडेसात आणि चित्रपटगृहांसाठी पाच टक्के होता. पुढे २० टक्क्यांपर्यंत चढला. हिशेब फिल्मच्या लांबीवर, दर्जाची अट नाही. मग काय, अमेरिकी वितरकांनी ‘फुटाला एक पौंड’ अशा ठोक दराने चित्रपट उरकून घेतले. लोक त्यांना ‘कोटा क्विकी’ म्हणू लागले. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते. एखादा इसम मिनिटभर जिना चढत राहिला की ९० फूट भरले! सकाळी झाडलोट करणाऱ्या बायकांसमोर हे चित्रपट चालवून काही चित्रपटगृहे कायद्याची पूर्तता करत, असेही सांगितले जाते. १९३८च्या कायद्याने किमान खर्चाची अट घातली. पुढे नावाजलेला दिग्दर्शक मायकेल पॉवेल मात्र याच घाईगर्दीत दिग्दर्शन शिकला.

युद्धानंतर दक्षिण लंडनमधील मर्टन पार्क स्टुडिओने हा प्रकार नेटका केला. १९५३पासूनच्या ‘स्कॉटलंड यार्ड’ मालिकेत एडगर लस्टगार्टन हा बॅरिस्टर-लेखक प्रास्ताविक करी. १९६०पासून रहस्यकथाकार एडगर वॉलेसच्या कथांवरील चित्रपट आले. त्यांच्या आरंभी वॉलेसचा अर्धपुतळा धुरात सावकाश फिरतो. त्यावेळची धून ‘द शॅडोज’ या वाद्यवृंदाने वाजवून लोकप्रिय केली.

यांतला खुनी बहुधा निम्म्यातच ओळखू येतो, तेव्हा कथेच्या भरवशावर बसू नये. इन्स्पेक्टरची गाडी थांबते, तो उतरतो, पायऱ्या चढतो, घंटा वाजवतो, मोलकरीण दार उघडून हॅट घेते. पुढची पाच मिनिटे एकाच दिवाणखान्यात बोलणे, कारण बोलणे स्वस्त आणि पाठलाग महाग. पण स्टुडिओबाहेर पडलेला कॅमेरा अनवधानाने बरेच टिपून जातो: बॉम्बने मोकळ्या झालेल्या जागा, काजळलेल्या विटा, रिकामे रस्ते. जुन्या फोनबूथमध्ये नाणी टाकायची, पलीकडून कुणी बोलले की ‘ए’ बटण दाबायचे. उत्तर आले नाही तर ‘बी’ दाबून पैसे परत. घाबरलेल्या माणसाचा हात या बटणांवर घुटमळतो, तेव्हा संथपणाच कामी येतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खुनाला तेव्हा फाशी होती. १९५७मध्ये ती काही प्रकारच्या खुनांपुरती उरली आणि १९६५मध्ये स्थगित झाली. ‘रात्री दहाला कुठे होतात?’ हा इन्स्पेक्टरचा मवाळ प्रश्न त्या प्रेक्षकाला मवाळ वाटत नसे.

टीव्हीमुळे जोडखेळ बंद पडले आणि हे चित्रपटही. पुढे टीव्हीनेच त्यांना आसरा दिला. ब्रिटनमधील ‘टॉकिंग पिक्चर्स टीव्ही’ ही वाहिनी २०१५पासून ते दाखवते. नवख्याने सुरुवात वॉलेस मालिकेपासून करावी. १९३०च्या दशकातल्या क्विकींना चिकाटी लागते. त्यांतले बरेचसे न पाहिले तरी चालतील.