सुमात्राचा वाघ लहान का?

ताडोबातले थोराड वाघ बघून आपला डोळा सरावलेला असतो. त्यामुळे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या वाघाचा फोटो पाहिला की लोक हमखास विचारतात, ‘हा उपाशी आहे का?’ तसं काही नसतं. पूर्ण वाढलेला नरच मुळी 100 ते 140 किलोचा, मादी त्याहून लहान. आपल्याकडचा नर 200 किलोपर्यंत सहज जातो. हयात असलेल्या वाघांमध्ये सुमात्राचा वाघ सर्वांत लहान आहे. रंग गडद, पट्टे एकमेकांना खेटून, आणि नराच्या गालांपासून मानेपर्यंत केसांची दाट झालर.

आता लहान का, ते बघू. हा भाग मला फार आवडतो, कारण उत्तराचा निम्मा भाग शाळेतल्या भूमितीत आहे. 1 मीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौरस मीटर आणि घनफळ 1 घनमीटर. बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ 24 होतं, घनफळ मात्र 8. म्हणजे प्रत्येक घनमीटरच्या वाट्याला आधी 6 चौरस मीटर पृष्ठभाग होता, आता 3 उरला. शरीरात उष्णता तयार होते ती मांसात आणि बाहेर पडते ती कातडीतून. सैबेरियाच्या बर्फात ऊब टिकवायची असते, तिथे मोठं शरीर फायद्याचं. सुमात्रावरून विषुववृत्त जातं. तिथल्या दमट हवेत धापा टाकूनही ओलावा लवकर उडत नाही, म्हणून उष्णता पटकन बाहेर टाकणारं लहान शरीर बरं. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बर्गमन यांनी 1847 मध्ये हा नियम मांडला.

पण एवढ्यावर भागत नाही. वर्षावनात पानांचं छत इतकं दाट असतं की जमिनीवर ऊन पोचत नाही. ऊन नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून हरणांचे मोठे कळप नाहीत. शिवाय सुमात्रावर गवा नाही. रानडुक्कर, भेकर, सांबर, कधी आखूड सोंडेचा टापीर, यांवरच पोट भरायचं. मोठ्या देहाला लागणारं मांस आणायचं कुठून?

हिमयुग संपताना समुद्र शंभर मीटरहून जास्त चढला आणि हे वाघ बेटावर अडकले. शेजारच्या बाली आणि जावा बेटांवरचे वाघ विसाव्या शतकात नामशेष झाले. सुमात्रात आता अंदाजे 400 ते 600 उरलेत. त्यांनाही तारेचे फास लावले जातात, कारण वाघाच्या हाडांत औषध आणि नखांत शक्ती असते असं मानणारी गिऱ्हाइकं आहेत. नख म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. गळ्यात वाघनख घालून मिरवणारे आपल्याकडेही आहेत. वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

वाघ किनाऱ्याजवळच्या दलदली जंगलापासून केरिन्ची सेब्लात राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांपर्यंत राहतो. त्याला सर्वांत मानवतं ते सखल भागातलं अस्पर्श जंगल, आणि पामतेलाच्या मळ्यांसाठी आधी तोडलं गेलं तेही तेच. त्या तेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे.