खर्रा सुटतो, तेव्हा भूक परत येते

'खर्रा टाकल्याशिवाय पोट साफ होत नाही' असं सांगणारे चंद्रपूर-गडचिरोलीकडे पुष्कळ भेटतात. ही सबब नाही. खर्ऱ्यातल्या तंबाखूत निकोटीन असतं, त्याने आतड्यांची हालचाल वाढते. ते थांबलं की काही दिवस बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं, घरच्यांवर चिडचिड होते. मग माणूस म्हणतो, 'मले नाही जमत बाप्पा,' अन् पानठेल्याकडे वळतो.

खर्ऱ्यात तंबाखूसोबत सुपारी अन् चुना असतो. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या नाजूक कातडीतून लवकर रक्तात शिरतं. साधारण 2 तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणून खिशातली खर्ऱ्याची पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पुडी, पुन्हा पुन्हा निघते. सोडल्यावर पहिले 2-3 दिवस सगळ्यात कठीण. 2 ते 4 आठवड्यांत त्रास बराच ओसरतो.

भुकेचं मात्र कोणी सांगत नाही. निकोटीन भूक मारतं. धानाच्या रोवणीत सकाळपासून चिखलात वाकलेली बाई खर्ऱ्यावर दुपार काढते ती त्यामुळेच. सोडल्यावर दबलेली भूक वर येते, पण पोटातल्या खड्ड्यावर खर्रा हेच उत्तर मेंदूला वर्षानुवर्षं शिकवलेलं. तो भुकेलाच तलफ समजतो. थकवा अन् अपुरी झोप यांचंही तसंच. 'स्वतःला जपा' म्हटलं की गावात हसतात, शहरी चोचले वाटतात. माझ्या मते या दिवसांत शिदोरी हाच निम्मा इलाज आहे: सकाळी भाकर खाऊनच निघायचं, खिशात पन्नीच्या जागी फुटाणे, बांधावर पाण्याची बाटली. पोटाची तक्रारही त्यानेच हलकी होते. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांचीच असते. फुटाणे चावेपर्यंत ती उतरते. मदत लागली तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन मोफत आहे.

दारूचं वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रमही होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी दवाखाना.

अन् तोंड? तीन बोटं उभी आत जातात का, आरशासमोर बघा. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, ठेचा झोंबायला लागतो. खर्रा सोडला तरी ती पहिल्यासारखी मऊ होईलच असं नाही. ठेचा बाजूला ठेवून वरण-भात खायचा, अन् दातांच्या डॉक्टरला तोंड उघडून दाखवायचं. उघडेल तेवढं.