एकाच दगडाची तीन रानं

तालमीच्या हौद्यातली माती तांबडी आणि शिरोळकडच्या उसाच्या रानातली काळीभोर. कोल्हापूरकराला यात नवल वाटत नाही. नवल पुढंच आहे: या दोन्ही मातींचा बाप एकच, काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा दगड. जोतिबाचा डोंगर त्याचाच आणि पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्याही त्याच्याच.

दगडाची माती होताना बघायची असेल, तर डोंगर कापून केलेल्या एखाद्या रस्त्याच्या कडेला थांबावं. तळाला अखंड कातळ. त्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे, मग मुरूम आणि सगळ्यात वर वीत-दोन वीत माती. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, फटीत शिरतं आणि खनिजं सैल करतं. उघड्या कातळावर आधी वस्ती करणाऱ्यांत दगडफुलाची भावकी असते. हो, कांदा-लसूण मसाल्यात पडतं तेच दगडफूल. शैवाल आणि बुरशी यांची ही भागीदारी. आपल्या आम्लानं ती दगड हळूहळू पोखरते. वीतभर माती व्हायला हजारो वर्षं जातात, आणि उतारावर एखादा वळीव त्यातली बोटभर घेऊन जातो.

मग एका दगडाच्या दोन माती कशा? घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याहून एसटीनं निघून शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीला उतरा. अंतर शंभरेक किलोमीटर. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, शिरोळ तालुक्यात ५००-६०० च्या आसपास. म्हणजे दुपारच्या जेवणाआधी तुम्ही पाऊस दहा पटींनी कमी करून येता.

एवढ्या पावसात घाटमाथ्याच्या दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, अगदी सिलिकासुद्धा धुऊन जातं. मागं राहतं ते न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजतं, माती तांबडी होते. असंच लाखो वर्षं चाललं की जांभा तयार होतो. मसाई पठार त्याचंच, आणि राधानगरीकडचं बॉक्साइट म्हणजे याच धुलाईत उरलेलं ॲल्युमिनियम. या मातीतली चिकणमाती केओलिनाइट जातीची असते. ती पाण्यानं फुगत नाही, फारशी चिकटतही नाही. हौद्यात काळी माती टाकून बघा. दोन घागरी पाणी पडलं की पैलवान डाव सोडून पाय उपसत बसतील.

पूर्वेला पाऊस कमी, उतार कमी. सुटलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथंच रेंगाळतं, काही वरच्या अंगानं वाहून येतं, नदीही गाळ आणून टाकते. त्यातून स्मेक्टाइट जातीची चिकणमाती बनते. तिचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक, आणि प्रत्येक कण वहीच्या पानांसारखा. पानांमध्ये पाणी शिरलं की फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. म्हणून चैत्रात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्यांत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर ढकलली जाते. बिननांगराची ही नांगरट फार संथपणे चालू असते. जादा कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन खाली बसतं.

काळा रंग म्हणजे भरपूर खत, हा मात्र गैरसमज. चांगल्या मातीच्या ढेकळात जवळपास निम्मी जागा हवा आणि पाण्याची, उरलेली बहुतेक खनिजांची. सेंद्रिय भाग फार तर पाच टक्के. आपल्या काळ्या रानांत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो. थोडाच कुजलेला भाग या चिकणमातीला घट्ट चिकटतो आणि ती काळी दिसते. असं असूनही ऊस तुटला की पाचट पेटवायची आपली घाई काही सुटत नाही.

तिसरा रंग पांढरा, आणि तो निसर्गानं नाही, आपण आणला. काळ्या मातीतून पाणी झिरपतं सावकाश. त्यात उसाला बारमाही पाटपाणी. निचरा नाही म्हटल्यावर जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते आणि रान चिबडतं. मग दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार वर राहतात. शेतकरी म्हणतात, रानाला मीठ फुटलं. पुढं क्षारांतलं सोडियम चिकणमातीवरच्या कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतं. कण एकमेकांना सोडून देतात, छिद्रं बुजतात, ओली माती साबणासारखी बुळबुळीत आणि वाळली की दगड. ही चोपण जमीन.

उपाय आहे, पण खर्चीक. शेताखाली छिद्रांचे पाइप पुरून क्षारांचं पाणी ओढ्याला काढायचं. शिरोळ भागात अशी रानं पुन्हा उसाखाली आलीही आहेत. चोपण जमिनीत मात्र नुसता निचरा पुरत नाही, सोडियम हटवायला कॅल्शियम लागतं, म्हणून जिप्सम घालतात. चुनखडी असलेल्या रानात कॅल्शियम असतं ढीगभर, पण खड्यांत अडकलेलं. तिथं गंधक टाकतात. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुनखडी विरघळते. गगनबावड्याचा पाऊस जे फुकटात धुऊन नेतो, ते इथं पोत्यांचे पैसे मोजून सोडवून घ्यावं लागतं.