जास्परवेअर

निळ्या अंगावर पांढऱ्या फुलांचा, वेलींचा किंवा मानवाकृतींचा उठाव असलेला, झिलई न दिलेला स्टोनवेअरचा (कडक भाजून घट्ट झालेल्या मातीच्या भांड्यांचा) प्रकार. इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात जोसाया वेजवुड (१७३०–१७९५) याने तो घडवला आणि १७७५ च्या सुमारास बाजारात आणला. फुलदाण्या, झाकणाची भांडी, चहाचे संच, पदके, दागिन्यांत बसवायच्या चकत्या असे बरेच काही त्यात बनले. हिरवा, जांभळट, पिवळा, काळा हे रंगही निघाले. पण नाव घेताच डोळ्यांपुढे येतो तो फिकट निळाच.

बडोद्यात कमाटी बागेतल्या संग्रहालयात चिनी, जपानी आणि युरोपीय कलावस्तूंची दालने एकाच आवारात आहेत. चिनी निळी-पांढरी भांडी पाहून आलेला माणूस जास्परलाही त्याच कुळात घालतो. साम्य मात्र रंगांच्या जोडीपुरतेच. चिनी भांड्यावर कोबाल्टने चित्र काढून वरून पारदर्शक झिलई देतात, त्यामुळे निळा रंग काचेसारख्या थराखाली राहतो. जयपूरच्या ब्लू पॉटरीचा पिंडच निराळा. तिच्यात मुख्य भाग गारेच्या पुडीचा आणि काचेचा असतो. मूळच्या जास्परमध्ये रंग बाहेरून चढवलेला नसतो, कोबाल्ट ऑक्साइड मातीतच मळलेला असतो. अशा भांड्याचा टवका उडाला तरी आत निळेच दिसते. कोबाल्ट महाग, म्हणून १७७७ पासून पांढऱ्या भांड्यावर फक्त वरचा निळा थर चढवण्याची रीत सुरू झाली. या ‘डिप’ (बुडवलेल्या) प्रकाराचा टवका उडाला की आतली पांढरी माती उघडी पडते.

मातीचे मिश्रण हे वेजवुडचे खरे यश. त्यात निम्म्याहून जास्त वाटा बेरियम सल्फेटचा. हे खनिज डर्बीशरच्या खाणींतून येई. बाकी चिकणमाती, गार आणि थोडे बेरियम कार्बोनेट. हे प्रमाण जमेपर्यंत त्याने हजारो चाचण्या केल्या. क्रमांक घातलेले चाचणीचे तुकडे बार्लस्टन येथील वेजवुड संग्रहालयात आजही आहेत. तयार भांड्यांइतकेच, किंबहुना जास्तच, ते पाहण्याजोगे आहेत.

फुले कोरलेली नसतात आणि रंगवलेलीही नसतात. ती वेगळी घडवून चिकटवतात. आधी मूळ नमुन्यावरून उथळ साचा करतात. पेढ्याच्या साच्यात खवा दाबावा तशी त्यात पांढरी माती अंगठ्याने दाबून भरतात, वरची जादा माती पट्टीने खरवडून काढतात आणि पान किंवा फूल अलगद उचलतात. चाकावर घडवून लेथवर तासलेले निळे भांडे एव्हाना निम्मे सुकलेले असते. त्यावर पाण्याचा हात फिरवून फूल ठेवायचे आणि बोटाने दाबायचे. गोंद म्हणून एवढेच. पाणी जास्त झाले तर निळा रंग पांढऱ्यात उतरतो, कमी पडले तर पाकळी सुटते. दाबताना मध्ये हवा राहिली तर भट्टीत फुगा येतो. भांडे आणि उठाव यांची माती जवळजवळ एकच असल्यामुळे सुमारे १२०० अंश सेल्सियसला दोन्ही सारखीच आकसतात. आकसण्याचे प्रमाण वेगळे असते तर वेल तडकून गळून पडली असती. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत (स्थापना १९५०) मातीकाम केलेल्यांना साचा भरणे नवे नाही. अवघड भाग चिकटवण्याचा आहे.

उठाव पातळ असेल तिथे पांढऱ्यातून खालचा निळा किंचित झिरपलेला दिसतो. पाकळीची कड धूसर आणि मध्यभाग शुभ्र होतो, आणि एका रंगाच्या मातीतून छायाप्रकाश उमटतो. जुन्या, चांगल्या कामाची ही मोठी खूण. घाईच्या मालात फुले जाड आणि खडूसारखी सपाट दिसतात.

नक्षीची धाटणी ग्रीक-रोमन आहे. नेपल्समधला ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टन याने जमवलेल्या प्राचीन कलशांची प्रकाशित चित्रे वेजवुडच्या हाताशी होती, आणि १७७५ पासून जॉन फ्लॅक्समन हा शिल्पकार त्याच्यासाठी नमुने करू लागला. पोर्टलंड कलश या रोमन काचपात्राची काळ्या जास्परमधली प्रतिकृती १७९० मध्ये लोकांपुढे मांडली गेली, आणि तेव्हापासून कौतुक बहुतेक मानवाकृतींच्या वाट्याला गेले. प्रत्यक्षात भांड्याचा घाट सांभाळतात त्या अकँथस या झाडाच्या कातरलेल्या पानांच्या, द्राक्षवेलीच्या आणि हनीसकल या फुलवेलीच्या पट्ट्या. गळा कुठे संपतो, पोट कुठे सुरू होते, बैठक किती भक्कम आहे, हे डोळ्याला त्याच सांगतात. आकृत्या काढून टाकल्या तरी भांडे उभे राहते. पट्ट्या काढल्या तर उरते निळे मडके.

गुजरातेतल्या मोरबी-थानगढच्या चकचकीत चिनी मातीच्या मालाची सवय असलेल्या बडोदेकराला जास्परचे कोरडे, मंद अंग अपुरे वाटू शकते. पण भांडे पक्के भाजलेले असते आणि झिलई नसूनही पाणी शोषत नाही. त्रास धुळीचा. उन्हाळ्यात ती उठावाच्या खाचांत बसते आणि फडक्याने आणखी आत जाते. मऊ कुंचलाच बरा.

खरेदी करताना भांडे उलटे करावे. तळाला वेजवुडचे नाव दाबून उमटवलेले असते. १८९१ पासून निर्यातीच्या मालावर त्याच्या जोडीला ‘इंग्लंड’ आणि पुढे विसाव्या शतकात ‘मेड इन इंग्लंड’ येऊ लागले. देशाचे नाव नाही एवढ्यावरून भांडे अठराव्या शतकातले ठरत नाही, कारण एकोणिसाव्या शतकातला बराच माल तसाच आहे. वेजवुडची नक्कल करणारे कारखाने त्याच्या हयातीतच इंग्लंडमध्ये निघाले होते, आणि त्यांतले काही काम अस्सलाच्या तोडीचे आहे.