करंटवाली सुई आणि मेंदूतला बोटांचा नकाशा

अॅक्युपंक्चरचा, म्हणजे सुया टोचून उपचार करण्याचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एकीला ते हजारो वर्षांचं शास्त्र वाटतं आणि दुसरीला सगळा प्लासिबो, म्हणजे नुसत्या विश्वासाने बरं वाटणं. इलेक्ट्रोअॅक्युपंक्चरमध्ये टोचलेल्या सुयांना वायर जोडून हलका करंट सोडतात, आणि रिसर्चवाल्यांना हे बरं पडतं, कारण सुई हाताने किती फिरवली ते नीट मोजता येत नाही पण करंट आणि फ्रिक्वेन्सी ठरवता येते. बीजिंगच्या हान जिशेंग यांच्या टीमने हेच केलं तर २ हर्ट्झला एन्केफॅलिन, एंडॉर्फिन सुटतात आणि १०० हर्ट्झला डायनॉर्फिन असं दिसलं. सगळी शरीराची स्वतःचीच पेनकिलर्स, पण वेगवेगळी.

मग मेंदूत बघायला एफएमआरआय हे स्कॅन आलं. त्यात विचार किंवा वेदना थेट दिसत नाही हं, कुठल्या भागात ऑक्सिजनवालं रक्त जास्त गेलं तेवढंच कळतं. त्यामुळे घोळही होतात. १९९८ मध्ये एक पेपर खूप गाजला होता, अॅक्युपंक्चरवाले डोळ्यांशी जोडतात त्या पायावरच्या पॉइंटला टोचलं की मेंदूचा बघण्याचा भाग जागा होतो म्हणे, तो २००६ मध्ये मागे घेतला गेला. म्हणून नुसते रंगीत ठिपके बघून मी तरी हुरळून जात नाही.

पण २०१७ चा कार्पल टनेलवरचा अभ्यास मला खरंच आवडला. या आजारात मनगटातली नस दबते, बोटांना मुंग्या येतात, आणि सारख्या एकत्र येणाऱ्या मुंग्यांमुळे मेंदूत स्पर्शाचा जो नकाशा असतो त्यात तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांजवळ सरकतात, त्यांच्यातली हद्दच पुसट होते. ८० पेशंट घेतले, ८ आठवड्यांत १६ वेळा ट्रीटमेंट, काहींना दुखऱ्या मनगटाशी करंट, काहींना लांब विरुद्ध बाजूच्या घोट्याशी, आणि काहींना टोचतच नाही अशी खोटी सुई. त्रास तिन्ही गटांत कमी झाला! प्लासिबोवाली पार्टी इथेच टाळ्या वाजवेल, पण थांबा, नसेतून सिग्नल जाण्याचा वेग सुधारला तो फक्त खऱ्या सुईवाल्यांचा आणि नकाशातली बोटं लांब सरकली तीही त्यांचीच, शिवाय ज्यांची जास्त सरकली त्यांचा आराम ३ महिन्यांनंतरही जास्त टिकला. म्हणजे 'बरं वाटतंय' असं सगळेच म्हणाले तरी आत घडत होतं ते वेगळं.

असाच प्रयोग २०२१ मध्ये फायब्रोमायल्जियावर झाला, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार. इथे खोट्या गटाला बंद लेझर दाखवला, अंगाला काही जाणवतच नाही. करंटवाल्यांमध्ये मेंदूचा पायाच्या स्पर्शाचा भाग आणि इन्सुला, जो वेदना किती छळते ते ठरवण्यात सामील असतो, यांच्यातलं कनेक्शन वाढलं, आणि त्यासोबत इन्सुलात गाबा हे मेंदूला शांत करणारं रसायनही वाढलेलं होतं. त्यामुळे नसांमधून मेंदूपर्यंत सिग्नल पोचणं हाच उपचाराचा मोठा भाग असावा असं मला वाटतं, नुसता विश्वास नाही. वेदना लेझरवाल्यांपेक्षा जास्त उतरली हे खरं, पण करंटवाल्यांची एकूण उतरली किती, तर १० च्या पट्टीवर सरासरी १ पॉइंटच्या आसपास.