पिशवी काढली तरी लघवी सुटतेच: एका दुखण्याची पार्श्वभूमी

खोकताना, शिंकताना, वैरणीचा भारा उचलताना लघवी सुटते, एवढीच तक्रार घेऊन सातारा-सांगलीकडची बाई दवाखान्यात क्वचित येते. ती येते कंबर धरते म्हणून, अंगावरून पांढरं जातं म्हणून, किंवा ‘अंग बाहेर येतंय’, म्हणजे पिशवी खाली सरकतेय, म्हणून. लघवीचं बोलणं निघतं ते बहुधा उठता उठता. पुष्कळदा उत्तर ठरलेलं असतं: पिशवी काढून टाका. वास्तविक गर्भाशय आणि मूत्राशय हे शेजारी-शेजारी असलेले दोन वेगळे अवयव. दोघांना खालून तोलून धरणारी स्नायूंची झोळी मात्र एकच. ती सैल पडली की पिशवी खाली सरकते आणि लघवीच्या नळीचा आधारही जातो. पिशवी काढून झोळी घट्ट होत नाही. इतकी साधी गोष्ट असूनही उपचार पिशवीपाशीच का अडकतात, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय शरीराचे वेग अडवू नयेत हे सांगायला लिहिलेला आहे. ‘न वेगान् धारयेद्धीमान्’ असं म्हणून वेगांची यादी सुरू होते, आणि यादीत पहिला मूत्राचा वेग. तो अडवला तर बस्तीत, म्हणजे मूत्राशयात, शूळ, लघवीला त्रास आणि डोकेदुखी होते असं तिथे सांगितलंय. चिकित्सास्थानात वीस योनिव्यापद, म्हणजे योनीचे विकार, येतात. जागा सोडलेल्या योनीला तेल लावून, शेक देऊन हाताने परत जागी बसवावं आणि तेलात भिजवलेला कापसाचा पिचू (बोळा) आत ठेवावा, असा उपाय त्यात आहे. प्राचीन ग्रीक वैद्य याच कामासाठी अर्धं डाळिंब वापरत. आज योनीत सिलिकॉनची रिंग बसवतात तेव्हा तत्त्व तेच असतं: जागेवर ढकला आणि खालून आधार द्या.

वेग अडवू नये हे ग्रंथात राहिलं. शेतावरच्या बाईला ते पाळणं कधी परवडलंच नाही. विशेषतः साताऱ्यातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामात गेले, तेव्हा घर, गुरं आणि रान तिन्ही बाईवर आलं. परसाकडं जायचं तर दिवस उजाडायच्या आत, नाहीतर अंधार पडल्यावर. मधले दहा-बारा तास भांगलणीत कुणाच्या बांधाआड बसायचं? त्यावर उपाय म्हणून बायका पाणीच कमी पितात. मग लघवी दाट होते, मूत्राशयाच्या अस्तराला झोंबते, उन्हाळी लागते. जंतुसंसर्ग झाला तर तो धुऊन निघायला पुरेशी लघवीच होत नाही. काही बायकांत मूत्राशय सतत ताणला जाऊन भरल्याची जाणीव बोथट होते. काहींचं उलटं होतं. घरातून निघताना, बसमध्ये चढताना ‘असू दे, जाऊन येऊ’ म्हणून दरवेळी रिकामा केलेला मूत्राशय थोड्याशा लघवीलाही घाई करू लागतो.

संडासाचा प्रश्न सोडवण्यात सांगली जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं तेव्हा ग्रामविकास मंत्री होते तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील. गावोगाव संडास झाले, पहाटेचा अंधार गाठायची सक्ती बरीच कमी झाली. रानात मात्र अजूनही आडोसा नाही. तासगावच्या द्राक्षबागेत विरळणीला दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना नाही, आणि कृष्णाकाठच्या फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या शिडीवर चढणाऱ्या बाईला तर नाहीच. ती मोळी तीस-चाळीस किलोची असते, आणि बाळंतपणाला पुरता सव्वा महिनाही झालेला नसताना ती उचलावी लागते.

शस्त्रक्रियेची वाट वेगळ्याच दुखण्यापासून सुरू झाली. बाळंतपण दोन-तीन दिवस अडलं तर बाळाचं डोकं मूत्राशयाला पुढच्या हाडावर दाबून धरतं. रक्त न पोचल्याने तिथलं मांस मरतं, काही दिवसांनी भोक पडतं आणि लघवी रात्रंदिवस गळत राहते. हा फिस्टुला. तो शिवण्याची पद्धत अमेरिकेत मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात बसवली आणि १८५२ मध्ये छापली. ज्यांच्यावर त्यांनी पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या त्या गुलाम स्त्रिया होत्या, त्याही भूल न देता. ॲनार्का, ल्युसी आणि बेट्सी ही त्यांतली तीन नावं आज माहीत आहेत. या शाखेचा पाया सांगताना ती वगळू नयेत.

आपल्या भागात शस्त्रक्रिया म्हटली की मिरज. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं. मिरज रेल्वेचं जंक्शन असल्याने लांबून रुग्ण येत, आणि ‘मिरजेला न्या’ हा शेवटचा सल्ला होऊन बसला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये आलं. त्याच सुमारास मुंबईत वि. ना. शिरोडकर आणि बी. एन. पुरंदरे अंग बाहेर येण्यावर नव्या शस्त्रक्रिया बसवत होते. पाश्चात्त्य पुस्तकांतली रुग्ण म्हातारी असे, आपल्याकडे विशी-तिशीतल्या, अजून मूल हवं असलेल्या मुली येत. म्हणून या दोघांनी पिशवी न काढता ती पट्टीने टांगली. शिरोडकरांनी मागे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला, पुरंदरेंनी पुढे पोटाच्या भिंतीला. पिशवी वाचवण्याची ही परंपरा मराठी मुलुखातलीच आहे. ती असताना पस्तिशीच्या बाईची पिशवी सर्रास काढली जावी, याचं आश्चर्य वाटतं.

व्यायामाची वाट मात्र इकडे नीट पोचलीच नाही. अरनॉल्ड केगल या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्ये या झोळीच्या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं. त्यांचा भर एका उपकरणावर होता. योनीत हवेचा फुगा, त्याला जोडलेला दाबमापक. बाई आकसून घेते तेव्हा काटा हलताना तिला दिसतो, म्हणजे बरोबर करतोय की नाही ते कळतं. पुढे उपकरण गळालं आणि ‘केगल करा’ एवढाच तोंडी सल्ला उरला. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ स्त्रियांना असं नुसतं तोंडी सांगून तपासलं, तर जवळपास निम्म्यांनाच ते नीट जमलं, आणि चौथा हिस्सा गळती वाढवील अशा रीतीने जोर लावत होता. ‘व्यायाम करून बघितला, फरक पडला नाही’ असं बाई सांगते तेव्हा आधी हेच तपासावं.

नीट पद्धत अशी. गुडघे दुमडून उताणं पडायचं. वात अडवताना जसं आकसतो तसं मागून पुढे आकसायचं आणि वर ओढायचं. पाच सेकंद धरायचं, तितकाच वेळ सैल सोडायचं. मांड्या आणि कुल्ले ढिले, श्वास चालू. आरसा धरला तर खालचा भाग आत गेलेला दिसला पाहिजे. पोट फुगून तो बाहेर येत असेल तर व्यायाम उलटा चाललाय. एका वेळी किमान आठ, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जायचं. खोकण्याआधी आणि भारा उचलण्याआधी क्षणभर आकसून धरायची सवय याच जोडीने लावायची. लघवीची धार मध्येच अडवणं हे स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक. रोज केलं तर मूत्राशय पुरता रिकामा होत नाही.

घराचं कुलूप काढेपर्यंतही लघवीला धीर निघत नाही, ही तक्रार वेगळी. तिथे तीन दिवस वही ठेवायची: किती वाजता, किती मिली (स्वयंपाकघरातला एखादा जुना मापाचा पेला त्यासाठी बाजूला काढावा), पाणी-चहा किती. साधारण ३०० ते ५०० मिली मावतं आणि दिवसातून सात-आठदा जाणं स्वाभाविक. दरवेळी शंभरच मिली होत असेल तर घाई आली की पाच मिनिटं थांबायचं आणि ते अंतर हळूहळू अडीच-तीन तासांवर न्यायचं. याला किमान सहा आठवडे लागतात. हे चरकाच्या विरुद्ध वाटेल, पण इथे खरा वेग अजून आलेलाच नसतो. आधी लघवी आणि साखर तपासून घ्यावी. जंतुसंसर्ग असताना असा सराव करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या सरकारी आरोग्यसेवेत बाईची तपासणी मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोनच कारणांनी होत आली. बिनटाक्याचं ऑपरेशन झालं की तिचा दवाखान्याशी संबंध संपायचा. उरलेलं दुखणं अंगावर काढायचं, ते असह्य झालं की पिशवी. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी राज्य हादरलं. त्या बायका तोडीला येतात त्या आपल्या फडांत. लघवीच्या बाबतीत या ऑपरेशनचा एक तोटा सांगितलाच जात नाही. अंग बाहेर आलेलं असताना लघवीची नळी मुडपलेली असते, म्हणून गळती दबलेली राहते. अंग वर बसवलं की नळी सरळ होते आणि कोरडी असलेली बाई गळू लागते. म्हणून ऑपरेशनआधी अंग बोटाने वर ढकलून, भरल्या मूत्राशयाने खोकायला लावून बघायचं असतं. लघवीत रक्त, लघवी अडकणं किंवा सतत थेंब गळणं यांपैकी काही असेल, तर व्यायामात वेळ न घालवता तपासणी लगेच करून घ्यावी.

अंग बाहेर येण्यावर रिंग हा ऑपरेशनपेक्षा स्वस्त उपाय, पण फार कमी वापरला जाणारा. मापाची बसली तर ती जाणवत नाही. दर चार-सहा महिन्यांनी काढून, धुऊन, आतली त्वचा बघावी लागते. विसरून राहिली तर जखम होते, रक्त जातं आणि क्वचित तिथेच फिस्टुला पडतो. त्यामुळे दिवाळीला घर सोडून उन्हाळ्यात परतणाऱ्या ऊसतोड बाईला रिंग द्यायची तर ती स्वतः काढायला, साबणाने धुवायला आणि परत बसवायला शिकवूनच द्यावी.